अण्णा टेलरांच्या हाका

आमच्या अण्णा टेलरांची बायको दर सोमवारी बदलते.

दचकू नका. बाई तीच असते. तीच उंच, शेलाटी, उजव्या भुवईवर जुनी खोक असलेली, चहात आलं जरा जास्तच ठेचणारी. बदलते ती तिला मारायची हाक. एका सोमवारी ती मिसेस असते, पुढच्या सोमवारी मॅडम, त्याच्या पुढच्या सोमवारी लेडी. सगळे शब्द इंग्रजी. मराठी एकही नाही, कानडी नाही, आणि गिऱ्हाइकांशी अण्णा जी तोंडभरून बोलतात ती दखनीही नाही.

हाक मारण्याची रीत ठरलेली आहे. अण्णा शिलाई मशीनचं चाक तळहातानं थांबवतात. चष्मा कपाळावर सरकवतात. घसा खाकरतात. मग आतल्या दाराच्या पडद्याकडे बघून, वर्गात नवा मुलगा कविता म्हणायला उभा राहावा तशा आवाजात म्हणतात, "मिसेस, दोन चहा."

आत शांत. पडदा हलत नाही.

अण्णा थोडं थांबतात. कान पडद्याकडे, नजर गिऱ्हाइकाच्या बटणांकडे. मग सुस्कारा टाकून कात्रीची मूठ टेबलावर दोनदा आपटतात. टक्, टक्. तेव्हा कुठं आत बांगड्या वाजतात, आणि थोड्या वेळानं अक्का, म्हणजे तीच बाई, कप घेऊन येतात. कप ठेवता ठेवता विचारतात,

"आज मी कोन हाव?"

"मिसेस."

"बरं हाय," म्हणतात, आणि जातात.

म्हणजे चहा मिळतो. "ओ" मिळत नाही. अण्णांना तो ओ पाहिजे असतो, हे मला तिथं राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं. एवढा का पाहिजे असतो, हे कळायला दीड वर्ष गेलं.

मी निर्णा गावचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. त्यामुळं कॉलेजात काय घालून जावं, कसं बसावं, खोली कशी मागावी, हे सांगणारं कुणी नव्हतं. भालकीत खोली शोधायला निघालो तेव्हा प्रत्येक दारात दोन प्रश्न झाले. पहिला, "कुन्या गावचा?" दुसरा, "गावात कुठं राहता?" दुसऱ्याचं उत्तर दिलं की ती खोली नेमकी भाच्यासाठी ठेवलेली निघायची. भालकीत त्या वर्षी फार भाचे यायचे होते.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत 'वैजनाथ टेलर, कोट-सदरा स्पेशलिस्ट' अशी पाटी दिसली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात 'म्हैसूर स्टेट' लिहिलेलं होतं. राज्याचं नाव कर्नाटक होऊन दोनेक वर्षं झाली होती. पाटीला कुणी कळवलं नव्हतं. आत एक बारकासा माणूस गळ्यात टेप घालून कॉलर उसवत बसला होता. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय शिकायलास?"

"बी.ए. इंग्रजी घेऊन."

मान वर झाली. "डिक्शनरी हाय?"

"हाय. कॉलेजची हाय, परत करायची."

"मग माळवदावरची खोली घे."

मला राहवेना. नंतर कळून बाहेर काढण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं म्हणून मी म्हणालो, "आम्ही बौद्ध आहोत."

"बरं," अण्णा म्हणाले. "जाड हाय का बारीक?"

"काय?"

"डिक्शनरी."

अण्णांना शब्द कापडासारखे दिसतात. बायकोसाठी नवा शब्द मिळाला की ते तो लगेच अंगावर चढवत नाहीत. "आदी कच्चा टाका घालू," म्हणतात. म्हणजे दोन दिवस मशीन चालवता चालवता तो शब्द स्वतःशीच पुटपुटायचा. मग सोमवारी ट्रायल. मापांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर, जिथं छाती, कंबर, बाही लिहायची तिथं शब्द लिहिलेले, आणि प्रत्येकापुढं शेरा. 'खांद्यात ढिला.' 'गळा आवळतो.' 'धुतल्यावर आटला.'

'मिसेस' पहिला होता. तो मी येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. सापडलं नाही की अण्णा परत त्याच्यावर येत. त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'रेडिमेड.' मी विचारलं तर म्हणाले, "हेडमास्तरची बी मिसेस, तहसीलदाराची बी मिसेस, पोस्टमास्तरची बी मिसेस. टांगलेलं काढायचं आन घालायचं. अंगावर बसतंय, अंगाचं हुईत न्हाई."

'मॅडम'च्या वेळी अडचण अशी झाली की समोरच्या शाळेतल्या बाई आपल्यालाच हाक आली समजून खिडकीतून बघायच्या. 'मेमसाब' चालला असता, पण तो आज्जींना कळला.

आज्जी म्हणजे अण्णांच्या आई. दिवसभर मधल्या खोलीत बाजेवर. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच दिसायचं, पण कान असे की मी माळवदावर पुस्तकाचं पान उलटलं तर खालून विचारायच्या, "कोन हाय?" त्यांची हाक मात्र कधीच बदलली नाही. "गोदे, पानी दे." "गोदे, ऊन गेलं का?" "गोदे, मांजर आलंय बग." पोरगं मेमसाब म्हणतंय हे ऐकल्यावर त्या आतून ओरडल्या, "निजामाच्या वक्ताला तुझा बाप सायबाच्या बायकोचे झंपर शिवायचा, तिला मेमसाब म्हनायचा. आपल्या घरात कोन मेमसाब रे? गोदे, तू मेमसाबावानी साया घालायलीस का?"

अण्णांनी वहीत लिहिलं, 'मायला कळतो. रद्द.' तेव्हा मला तो शेरा विचित्र वाटला होता.

'डार्लिंग'ची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. तो शब्द मी दिला नव्हता, अण्णांनी टॉकीजच्या बाहेर उभं राहून मिळवला होता. सोमवारी सकाळी खजुरीकडचे एक पाटील लग्नाच्या कोटाचं माप द्यायला आले. भरघोस मिशा, दोन्ही हात आडवे पसरून उभे. अण्णांनी त्यांच्या छातीभोवती टेप घातला, दोन्ही टोकं जुळवली, आणि तेवढ्यात चहाची आठवण झाली म्हणून मोठ्यानं म्हणाले, "डार्लिंग!"

पाटलांनी हात खाली घेतले.

"तुमाला न्हाई, तुमाला न्हाई," अण्णा म्हणाले. पाटील एक पाऊल मागं सरकले. टेप अजून त्यांच्या छातीलाच होता, त्यामुळं अण्णाही एक पाऊल पुढं गेले. कोट शेवटी पाटलांनी उदगीरला शिवला.

अक्का त्या दिवशी चहा घेऊन आल्या तेव्हा ओठ घट्ट मिटून आल्या होत्या, पण खांदे हलत होते. "आज मी कोन हाव ते इचारीत न्हाई," म्हणाल्या. "पाटलाला इचारते."

दुपारी दोन ते चार भालकी झोपते. उदगीरची गाडी गेलेली असते, लातूरची यायची असते. स्टँडवर कंडक्टर बाकावर टोपी तोंडावर घेऊन पडतात. त्या वेळी मी डिक्शनरी घेऊन दुकानात बसायचो. पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक बोटभर झोत यायचा आणि त्यात कापसाचे तंतू, खडूची पूड, रंगीत दोऱ्यांचे तुकडे वर-खाली तरंगत राहायचे. अण्णा त्यांच्याकडे बघत राहायचे. मला कधीकधी वाटायचं, आपण वाचलेले शब्दही तिथंच तरंगतायत, आणि त्यातला एखादा अण्णांच्या बाहीवर येऊन बसेल.

डिक्शनरीत बायकोसाठीचे शब्द फार नव्हते. म्हणून मी धीर करून आमच्या इंग्रजीच्या सरांना विचारलं. सर आधी हसले, मग त्यांनी एका चिठ्ठीवर बोलीभाषेतले सात-आठ शब्द लिहून दिले. मी दुपारी ते अण्णांना अर्थासकट वाचून दाखवले. इंग्लंडात काही लोक बायकोला म्हातारी म्हणतात. काही जण नुसतं 'ती आतली' म्हणतात. लंडनचे गाडेवाले 'कटकट आणि भांडण' म्हणतात. आणखी एक शब्द असा होता की त्याचा अर्थ, कैद्याच्या पायाला साखळीनं बांधलेला लोखंडी गोळा.

अण्णांची सुई थांबली. "बायकूला?"

"व्हय. चेष्टेनं म्हणतात."

"आन ती ओ देती?"

"देत असेल."

अण्णांनी एक टाका घातला. मग दोरा दातानं तोडून म्हणाले, "एवडं राज्य केलं त्येंनी. घरात हाक मारायची अक्कल न्हाई." आणि चिठ्ठी मला परत दिली. त्यातला एकही शब्द त्यांनी वहीत उतरवला नाही.

त्या चिठ्ठीत एक शब्द जरा बरा होता, 'बेटर हाफ'. सरांनी पुढं लिहिलं होतं, आदरार्थी. मी सांगितलं, म्हणजे आपलाच चांगला अर्धा भाग. अण्णांना तो आवडला. कापडाच्या भाषेतला होता. पाच दिवस कच्चा टाका घातला. सोमवारी केसांना तेल लावून, नवा सदरा घालून मशीनवर बसले आणि हाक मारली, "बेटर हाफ!"

अक्का, आश्चर्य म्हणजे, कात्री वाजायच्या आधीच पडद्याशी आल्या. "म्हनजे काय?"

मी अर्थ सांगितला. दोन अर्ध्यांतला चांगला अर्धा.

अक्का अण्णांकडे बघत म्हणाल्या, "आन दुसरी अर्धी कोन?"

त्या हे चिडून म्हणाल्या नाहीत. साधं विचारावं तसं विचारलं. पण अण्णांचा चेहरा इस्त्री विसरलेल्या कापडासारखा झाला. मधल्या खोलीतून आज्जींची हाक आली, "गोदे!" अक्का वळल्या आणि पाणी घेऊन तिकडं गेल्या. हाक ऐकून त्या नेहमी जायच्याच. पण ओ त्यांनी तिथंही दिला नाही. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की या घरात ही बाई कुणालाच ओ देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर अक्का अंगणात जोंधळे निवडत बसल्या होत्या. मी जिन्याकडं जाताना त्या सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "मिलिंद, तुला तुजं नाव कोन ठिवलं?"

मी म्हणालो, "वडलांनी. आमच्यात धर्म बदलला तेव्हा सगळ्यांनीच ठरवलं, पोरांना जुनी नावं ठेवायची नाहीत. मग ते वस्तीतल्या शिकलेल्या माणसाला विचारून, कागदावर लिहून घेऊन आले. मी पोटात होतो तेव्हा."

"म्हनजे तुज्यासाठीच आनलं."

"व्हय."

अक्कांनी पदराखालून गळ्यातला काळा दोरा बाहेर ओढला. त्यात चांदीचा एक पातळ टाक होता, झिजलेला. त्यावर बाईची आकृती. "ही गोदा," त्या म्हणाल्या. "सासूच्या भावाची लेक. ह्येंची पयली. बाळंतपनात गेली. सवतीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा असतोय, घातला. त्येचं मला काई न्हाई. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिवतेत, ठावं हाय का? ह्येंचा हात आडला. सासूनं वरून हात धरला आन लिवलं, गोदावरी. म्हनली, घराच्या तोंडाला तेच नाव बसलंय."

सुपातला एक खडा त्यांनी उचलून बाजूला टाकला.

"पयल्या दिवशी हे म्हनले, गोदा. मी म्हनलं, आवं, मी ओ दिला तर ती कुठं जाईल, आन मी कुठं जाऊ? दुसरं काईबी म्हना. ह्ये शानं मानूस. परत म्हनले न्हाईत. चौदा वर्सं झाली, दुसरं हुडकायलेत."

  मी विचारलं, "माहेरचं नाव काय होतं?"

"आईबाप गेले. भाऊ अक्का म्हनतोय, तू अक्का म्हनतूस, गल्ली टेलरीन म्हनती." त्या हसल्या. "म्या सांगून काय उपेग? आपलं नाव आपन घेऊन ओ देता येतंय व्हय?"

संध्याकाळी मी अण्णांना विचारलंच. मराठीतच, तिच्याच नावानं का हाक मारत नाही? अण्णांनी आधी मधल्या खोलीकडं बघितलं, मग मशीन मोकळंच फिरवायला सुरुवात केली, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये.

"मायला दिसत न्हाई," ते म्हणाले. "हाक मारली की कोनतरी पानी आनून देतंय. तिच्या लेखी गोदा अजून घरात हाय. मी दुसरं नाव घेतलं की तिची भाची दुसऱ्यांदा मरंल. आन गोदा म्हनलं की ही रोज मरंल. म्हनून इंग्रजी. इंग्रजी मायला कळत न्हाई, आन गोदालाबी येत नव्हती."

"तुम्हाला ठाऊक आहे ना तिचं नाव?"

"मनात घेतो की," अण्णा म्हणाले, आणि मशीनचा आवाज आणखी वाढवला.

त्यानंतर मी डिक्शनरी फारच मनापासून चाळू लागलो. पण खरं सांगायचं तर माझाच विश्वास उडाला होता. असा शब्द त्या पुस्तकात असेल असं मला वाटेना.

मार्गशीर्षात भालकीपासून तासाभराच्या वाटेवर माळावर खंडोबाची जत्रा भरते. त्या वर्षी अक्कांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. त्यांना पाळण्यात बसायचं होतं. उंच, गोल फिरणाऱ्या. अण्णांनी दुकान बंद केलं, आज्जींजवळ शेजारणीला बसवलं, आणि पिशव्या धरायला मला घेतलं. मी घरी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "देवाला जाऊ नको, जत्रेला जा. जिलबी खा."

माळ सगळा पिवळा झाला होता. लोक मुठीमुठीनं भंडारा उधळत होते आणि ती हळद खाली पडतच नव्हती. हिवाळ्याच्या उन्हात तशीच तरंगत होती. बैलांची शिंगं पिवळी, रेवड्या पिवळ्या, माणसांच्या पापण्या पिवळ्या. पाळण्यात ते दोघं शेजारी शेजारी बसले. मी खाली पिशव्या घेऊन उभा. पाळणा वर जायचा तेव्हा अक्कांचा पदर उडायचा आणि त्या दूर कुठंतरी बघत असायच्या, जणू त्या माळापलीकडं त्यांना त्यांचं जुनं गाव दिसत होतं. अण्णा डोळे गच्च मिटून दांडा धरून बसले होते.

खाली उतरले आणि अण्णा बसले ते जमिनीवरच. चक्कर. "भुई धर रे," मला म्हणाले. अक्का म्हणाल्या, "लिंबू आनते," आणि गर्दीत गेल्या. मी पाणी आणलं. अण्णांचे डोळे ठिकाणावर आले. लिंबू आलं नाही. अक्काही आल्या नाहीत.

आम्ही बांगड्यांच्या ओळी शोधल्या, भांड्यांची दुकानं शोधली, बैलबाजार शोधला. दोन तास गेले. ऊन तिरपं झालं. शेवटची गाडी दिवस मावळायच्या आत सुटायची, आणि अक्कांनी एवढी माणसं एका जागी कधी पाहिलेली नव्हती. अण्णा धावू लागले. दर उंच बाईच्या पुढं जाऊन तोंड बघायचे आणि हात जोडून परत फिरायचे. त्यांना मागून हाक मारता येत नव्हती. हाक काय मारणार?

शेवटी आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तिथं एक मफलरवाला माणूस माइकपुढं बसून हरवलेल्यांची नावं मराठी, कानडी, दखनी तिन्ही भाषांत पुकारत होता. बाकावर चार हरवलेली पोरं चुरमुरे खात होती.

"काय हरवलं?" त्यानं विचारलं. "लेकरू का बैल?"

"मिसेस," अण्णा म्हणाले.

"कोन?"

"ह्यांच्या घरातल्या," मी म्हणालो.

"नाव?"

"मिसेस वैजनाथ टेलर. भालकी," अण्णा म्हणाले.

त्यानं तिन्ही भाषांत पुकारलं. पाच खांबांवरच्या कर्ण्यांतून वैजनाथ टेलरांच्या मिसेस माळभर फिरल्या. थोड्या वेळानं गर्दीतून वाट काढत एकजण धापा टाकत आला. अण्णांना पाहून म्हणाला, "टेलर! हितं हाव व्हय? दिवाळीला दिलेला माझा सदरा कुठाय?"

"ह्यो तुमचा न्हाई?" मफलरवाल्यानं अण्णांना विचारलं.

"बाईचं नाव सांगा, बाईचं," तो पुढं म्हणाला. "कागदावर काय हाय ते."

 रेशनकार्डावर जे होतं ते अण्णांनी जमिनीकडं बघत सांगितलं. "गोदावरी."

पुकारा झाला. एक आजीबाई काठी टेकत आल्या, एक शाळकरी पोरगी आली, आणि एक बाई नवऱ्याला घेऊनच आली, मला कोण बोलावतंय ते बघू दे म्हणत. अण्णांनी सगळ्यांना हात जोडले. अक्का नव्हत्या. अण्णा माझा दंड धरून म्हणाले, "आली न्हाई. बरं झालं." आणि लगेच, फाटल्या आवाजात, "पन आली न्हाई रे."

मफलरवाला आता वैतागला होता. "आवं, घरात काय म्हनता तिला? तेच म्हना की. तुमीच म्हना. आवाज वळखंल." त्यानं माइक अण्णांपुढं सरकवला.

अण्णांनी बाहेर बघितलं. अर्धी भालकी त्या माळावर होती. सदरेवाला तर दारातच उभा होता. "माय ऐकंल," ते मला म्हणाले. "दिवा लावायच्या आत कुनीतरी सांगंल तिला."



अण्णांनी माइक दोन्ही हातांनी धरला. आधी नुसता त्यांचा श्वास आला. पाच खांबांवरून श्वास घेतल्याचा आवाज. बैलांनी कान हलवले. मग ते म्हणाले,

"हौसा."

इतकंच. जवळच्या कर्ण्यातून आधी, मग दुसऱ्या, मग बैलबाजारापलीकडच्या. नाव पिवळ्या हवेतून लांब लांब गेलं आणि पार टेकडीवरून हलकंसं परत आलं. मी ते नाव पहिल्यांदा ऐकत होतो. बहुतेक अण्णाही.

"ए हौसा. मी हाव. पत्र्याच्या शेडपाशी हाव. लिंबू राहू दे, चक्कर गेली."

मी बाहेर पळालो. फार लांब जावं लागलं नाही. दोऱ्या-चाबकांच्या दुकानामागं, दुसऱ्या खांबाच्या बुडाशी अक्का उभ्या होत्या. मुठीत लिंबू, तोंड वर कर्ण्याकडं, पापण्यांवर हळद. शेड तिथून तीसेक पावलांवर होती.

"अक्का! कधीपासून हुडकायलोत आम्ही."

"मीबी हुडकायले. ही शेड घावली तवा मिसेसला बोलवायले हुते," त्या कर्ण्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मग गोदावरीला बोलिवलं. म्हनलं, हितंच हुबं राहावं. बघावं, किती जनींला बोलावतेत."

"चला. शेवटची गाडी जाईल. अण्णा रडकुंडीला आलेत."

"हौसा," कर्णा म्हणाला. "ए हौसा, ऐकायलीस का?"

मागून मफलरवाल्याचा आवाज आला, "बस की टेलर, लेकरं वाट बघायलेत." मग माइक ओढल्याची खरखर, आणि परत अण्णाच. त्यांनी तो सोडला नव्हता.

अक्कांनी माझ्यापुढं हात आडवा धरला. "गप," त्या म्हणाल्या. "आजून म्हनायलेत."

"हौसा."

"ओ," अक्का म्हणाल्या.

इतक्या हळू की शेजारी होतो म्हणून मला ऐकू आला. त्या गर्दीतून तो अण्णांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. माळाच्या कडेला गाडीचा हॉर्न वाजला. कर्ण्यातून परत हाक आली, अक्कांनी परत ओ दिला, जरासा मोठ्यानं, आणि मी पुन्हा चला म्हणालो नाही.